उपग्रहचित्रांवरून नकाशे : इंदुरातले पार्षद, सरपंच आणि तलावमित्र हमखास विचारतात ते प्रश्न

तलाव, नाला, टेकडी किंवा शेतजमीन याबद्दल ज्यांना बैठकीत बोलावं लागतं किंवा फायलीवर सही करावी लागते, त्यांच्यासाठी हे पान आहे. म्हणजे पार्षद, पंचायत सचिव, वनसमितीचे सदस्य, तलावाकाठच्या कॉलनीतले रहिवासी आणि स्थानिक बातमीदार. शब्द इथल्या कचेऱ्यांतलेच ठेवले आहेत. महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांनी निगम म्हणजे महापालिका, पटवारी म्हणजे तलाठी आणि खसरा क्रमांक म्हणजे गट क्रमांक समजावा, काही बिघडत नाही.

ही चित्रं खरंच मोफत मिळतात? मग घोडं अडतं कुठे?

मोफतच मिळतात. अमेरिकेच्या लँडसॅटची चित्रं २००८ पासून सगळ्यांना खुली आहेत. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रं पहिल्यापासूनच खुली आहेत. २०२३ च्या भारतीय अंतराळ धोरणानं आपल्या सरकारी उपग्रहांची पाच मीटर आणि त्याहून ढोबळ चित्रंही खुली केली. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या 'भूनिधी' पोर्टलवर ती मिळतात.

अडतं ते टेबलावर. नकाशा कचेरीत येतो तो सल्लागार कंपनीच्या गुळगुळीत अहवालातून, आणि येतो तोच अंतिम होऊन. चित्र कोणत्या तारखेचं, त्या दिवशी ढग होते का, हिरवा रंग झाडांचा की सोयाबीनचा, हे विचारणारं समोर कोणी नसतं. नकाशावर हरकत घेता येत नसेल तर तो नकाशा आपल्यापर्यंत पोचलेला नाही, असं आमचं मत आहे. खालची उत्तरं याच अंगानं लिहिली आहेत : चित्र काय दाखवतं याच्याइतकंच, ते कुठे फसवतं यावरही.

एका चित्रात किती बारीक दिसतं?

सेंटिनेल-२ चा एक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटरचा असतो. म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १,०७६ चौरस फूट. इंदुरात वीस बाय पन्नासचा प्लॉट सगळ्यांना ठाऊक आहे. जवळपास तेवढी जागा चित्रात एक ठिपका होते आणि त्या ठिपक्याला एकच रंग मिळतो. घर, अंगणातलं आंब्याचं झाड आणि समोरचा रस्ता असं सगळं त्यात एकत्र कालवलेलं असतं. लँडसॅटचा पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे असे नऊ प्लॉट. आपल्या रिसोर्ससॅटवरच्या लिस-४ कॅमेऱ्याचा ५.८ मीटरचा.

सिरपूर तलावाच्या रामसर स्थळाचं (म्हणजे रामसर या आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या पाणथळ जागेचं) क्षेत्र १६१ हेक्टर आहे. त्यात सेंटिनेलचे सोळा हजारांच्या आसपास पिक्सेल बसतात, तेव्हा त्याच्याबद्दल ठामपणे बोलता येतं. कान्ह नदी शहरात अनेक ठिकाणी इतकी अरुंद आहे की तिचं पाणी एका पिक्सेलातही मावून जातं आणि काठाच्या भिंतीत मिसळतं. आमचा ठोकताळा असा, की जी गोष्ट तीन पिक्सेल रुंदसुद्धा नाही, तिच्याबद्दल उपग्रहाला विचारू नये.

आम्हाला कोडिंग येत नाही. नेमकं काय उघडायचं?

कोपर्निकस ब्राउझर. नेहमीच्या इंटरनेट ब्राउझरमध्ये चालतो, काही इन्स्टॉल करावं लागत नाही आणि नुसतं पाहायला खातंही लागत नाही. जागा शोधा, तारीख निवडा, ढगांचं प्रमाण कमी ठेवा. खरे रंग, वनस्पती निर्देशांक (हिरवळ किती दाट ते सांगणारा आकडा), पाणी निर्देशांक असे थर तयारच असतात. सीमा आखली की क्षेत्रफळ मिळतं आणि दोन तारखा शेजारीशेजारी ठेवता येतात. पडदा इंग्रजीत आहे, ही खरी अडचण. पण लागणारी बटणं मोजकीच आहेत. त्यांची नावं मराठीत किंवा हिंदीत एका कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवली की काम चालतं. मोबाइलवर उघडतो, पण बोटानं सीमा आखणं वैतागवाणं आहे.

दुसरं साधन गूगल अर्थ प्रो. जुन्या चित्रांची पट्टी मागे सरकवून एखादी कॉलनी कधी उभी राहिली ते बघायला फार उपयोगी. यातली चित्रं बारीक असतात, पण तारखा त्यांच्या मर्जीच्या. हवा तोच महिना मिळेल असं नाही. खसऱ्याचा नकाशा आणि उपग्रहचित्र एकमेकांवर ठेवायचं असेल तर क्यूजीआयएस लागतं. तेही फुकट आहे, मात्र शिकायला वेळ द्यावा लागतो. पंचायतींसाठी इस्रोचं 'भुवन' आहे, तेही बघून ठेवा.

गूगल अर्थ इंजिन या सगळ्यांत ताकदवान. शिक्षण, संशोधन आणि ना-नफा कामासाठी ते मोफत आहे. कचेरीच्या रोजच्या कामात वापरायचं असेल तर परवान्याच्या अटी आधी वाचा.

तलाव लहान झाला आहे का, हे कसं ठरवायचं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त चुकीची उत्तरं मिळणारा प्रश्न. म्हणून जरा सविस्तर.

पाणी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश गिळून टाकतं आणि हिरवा थोडा परत पाठवतं. पानांचं उलट, ती अवरक्त प्रकाश जोरात परतवतात. हिरव्यातून अवरक्त वजा करायचा, दोघांच्या बेरजेनं भागायचं. उत्तर शून्याच्या वर आलं तर तिथे बहुधा पाणी आहे. हा पाणी निर्देशांक मॅकफीटर्स यांनी १९९६ मध्ये मांडला आणि आजही कामाला येतो. एनडीडब्ल्यूआय या नावाचा थर तो हाच.

पहिला सापळा जलपर्णीचा, जिला इथे सगळे जलकुंभी म्हणतात. पाण्यावर ती पसरली की उपग्रहाला पानं दिसतात, पाणी नाही. निर्देशांक सांगतो की तलाव आटला. पुढे निगमनं मशीन लावून ती काढली की तोच निर्देशांक सांगतो, तलाव वाढला! दोन्ही खोटं. ओळखायचं कसं? त्याच तारखेचा वनस्पती निर्देशांक बघा. जुन्या पाणरेषेच्या आत, मधोमध, एकदम गडद हिरवा पट्टा दिसला तर शंका घ्या. मग पुढच्या फेरीचं चित्र उघडा. दोन सेंटिनेल मिळून साधारण पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात. तरंगती जलपर्णी वाऱ्यानं सरकलेली असते, जमीन जागची हलत नाही.

दुसरा सापळा माळव्याच्या काळ्या मातीचा. ओली काळी माती आणि उंच इमारतींच्या सावल्या चित्रात इतक्या गडद दिसतात की पाण्याचा भास होतो. शहरातली काही छपरंही या निर्देशांकात पाणी म्हणून उमटतात. तिथे हिरव्याबरोबर लघुतरंग अवरक्त प्रकाश घेणारा सुधारित निर्देशांक बरा. फक्त त्याचा मूळ पिक्सेल २० मीटरचा असतो.

तिसरा सापळा महिन्याचा. ऑक्टोबरचा भरलेला तलाव आणि मे महिन्यातला तलाव शेजारी ठेवून कोणीही हाहाकार उडवून देऊ शकतं. तुलना त्याच महिन्याची करा, आणि त्या दोन वर्षांचं पाऊसमान नकाशाखालीच लिहा. यशवंत सागर हा तर गंभीर नदीवरचा, शहराला पाणी पुरवण्यासाठी होळकरांनी बांधलेला जलाशय. उन्हाळ्यात त्याची पातळी उतरणार, ती पाणी वापरल्याची खूण आहे.

आणि चौथी गोष्ट, जी आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पाणथळ जागा म्हणजे नुसतं निळं पाणी नव्हे. काठचं दलदलीचं गवत, पाणकणीस, उथळ चिखल हेही तिचंच अंग आहे आणि पक्षी तिथेच वावरतात. निळ्या रेषेलाच सीमा मानलं तर ही सगळी जागा सीमेबाहेर पडते. काठावर बांधायला उत्सुक असलेले लोक सादरीकरणात मे महिन्याचंच चित्र का लावतात, हे आता तुमच्या लक्षात येईल. अशा वेळी हात वर करून पावसाळ्यानंतरचं चित्र मागा.

किती वर्षं मागे जाता येतं?

पहिला लँडसॅट १९७२ चा, पण त्याचे पिक्सेल सुमारे ८० मीटरचे. सिरपूरसारख्या तलावासाठी १९८४ नंतरची ३० मीटरची चित्रं खरी उपयोगाची. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्रानं याच चित्रांवरून जगभरच्या पृष्ठजलाचा नकाशा केला आहे. कोणत्या जागी कायम पाणी असतं आणि कुठे ऋतूपुरतं, ते त्यात तयार मिळतं. 'इथे पाणी कधीच नव्हतं' असं कोणी म्हणालं की तो उघडावा.

पावसाळ्यात सगळीकडे ढगच असतात. तेव्हा?

जून ते सप्टेंबर प्रकाशावर चालणारे कॅमेरे इंदूरसाठी जवळजवळ निकामी. तेव्हा रडार. सेंटिनेल-१ स्वतःच लहरी सोडतो आणि परत आलेल्या पकडतो. ढग, अंधार त्याला आडवे येत नाहीत. शांत पाणी त्या लहरी पलीकडे परतवतं, म्हणून चित्रात काळं दिसतं.

विमानतळाची धावपट्टीही गुळगुळीत असते, तीही काळीच दिसते. वाऱ्यानं पाण्यावर लाटा उठल्या की तेच पाणी उजळ दिसू लागतं. शहराच्या दाट वस्तीत भिंतींवरून लहरी आपटून इतका उजेड होतो की गल्लीत साचलेलं पाणी त्यात हरवतं. शिवाय उपग्रह काही दिवसांच्या अंतरानं येतो, आणि आपले नाले दोन तासांत चढून दोन तासांत उतरतात. तेव्हा कॉलनीत पाणी शिरल्याचा पुरावा म्हणून उपग्रहाच्या भरवशावर राहू नका. विजेच्या खांबावर पाण्याची रेघ कुठवर आली त्याचा तारखेसह फोटो घ्या. ग्रामीण भागात, शेतांत दिवसेंदिवस साचलेल्या पाण्यासाठी मात्र रडार उत्तम. इस्रो आणि नासा यांचा निसार हा रडार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. त्याची विदाही खुली ठेवायची असं ठरलेलं आहे.

कान्हचं पाणी किती घाण आहे, हे दिसेल का?

नाही. गढूळपणा आणि शेवाळाचा हिरवेपणा मोठ्या तलावात अंदाजानं सांगता येतो. सांडपाणी, विरघळलेला प्राणवायू, जिवाणू यांसाठी बाटलीत नमुना घेऊन प्रयोगशाळेतच जावं लागतं. कान्ह पुढे क्षिप्रेला मिळते आणि २०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे, त्यामुळे हा प्रश्न आता वारंवार येतो. पण उत्तर तेच.

झाडं कमी झाली का, हे कोणत्या चित्रावरून बघावं?

ऑगस्टचं चित्र कधीच घेऊ नका. तेव्हा सोयाबीननं सगळा माळवा हिरवागार असतो आणि वनस्पती निर्देशांक शेत, लॉन आणि जंगल यांना एकाच मापानं मोजतो. जानेवारीत गहू-हरभरा, म्हणजे तीच गत. एप्रिल-मे महिन्यांत शेतं मोकळी होतात खरी, पण राळामंडळच्या टेकडीवरची पानझडी झाडंही तेव्हा निष्पर्ण असतात. जंगल तोडल्यासारखं दिसतं.

आम्ही ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरची सुरुवात सुचवतो. सोयाबीन निघालेलं असतं, गहू उगवलेला नसतो, झाडांना अजून पानं असतात आणि आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. हे दोन-तीन आठवडेच असतात, पण तेवढ्यात दोन-चार चांगली चित्रं मिळून जातात. पाऊस लांबला तर खिडकीही पुढे सरकते. ती कधी उघडली ते गावातल्या शेतकऱ्याला विचारावं, कॅलेंडरला नाही.

शहरातल्या रस्त्याकडेची झाडं १० मीटरच्या चित्रात मोजता येत नाहीत. एखाद्या मोठ्या रस्त्याच्या कडेची किंवा बागेतली झाडं मोजायची असतील तर पायी फिरून गणना करा. वॉर्डातले स्वयंसेवक रविवारच्या सकाळी ते काम उपग्रहापेक्षा चांगलं करतात.

इंदुरातल्या रेवती रेंजच्या टेकडीवर लावलेली रोपं जगली की नाही, ते कळेल का?

जुलै २०२४ मध्ये तिथे एका दिवसात अकरा लाखांहून जास्त रोपं लागली, म्हणून हा प्रश्न आमच्याकडे सतत येतो. पहिली काही वर्षं उपग्रहाला रोप दिसतच नाही. दिसतं ते मधलं गवत. पावसानंतर टेकडी हिरवी दिसली म्हणून रोपं जगली असं नाही आणि उन्हाळ्यात पिवळी दिसली म्हणून ती मेली असंही नाही. फांद्यांचं छत्र जुळू लागलं की चित्र बोलू लागेल. तोवर ठराविक चौकोन आखून त्यांतली रोपं दर वर्षी मोजणं हाच मार्ग आहे. उपग्रहाचा उपयोग एवढाच, की चौकोन कुठे आखायचे ते निःपक्षपातीपणे निवडता येतं. नाहीतर पाहणी नेहमी रस्त्यालगतच्या, पाणी मिळालेल्या रोपांचीच होते.

नरवाई (कापणीनंतर शेतात उरलेले खुंट) जाळल्याचे लाल ठिपके उपग्रहाच्या नकाशावर येतात. त्यावरून शेतकऱ्याला दंड करावा का?

एकट्या ठिपक्यावरून अजिबात नाही. आगी दाखवणाऱ्या नासाच्या फर्म्स सेवेतला, व्हिअर्स या उपग्रहावरच्या उपकरणाचा ठिपका ३७५ मीटरचा असतो. म्हणजे सुमारे पस्तीस एकर, ज्यात अनेकांची शेतं येतात. आग त्या चौकोनात कुठेतरी होती एवढंच तो सांगतो, पस्तीस एकर जळाले असं नाही. उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास जातो. संध्याकाळी पेटवून दोन तासांत विझलेली आग त्याला सापडत नाही, म्हणून ठिपका नसलेला शेतकरी निर्दोष असतो असंही नाही. ठिपका म्हणजे पटवारीनं आज कुठे जावं याची सूचना. जळकं रान सेंटिनेलच्या चित्रात नंतर काही दिवस काळं दिसतं, त्यावरून नेमकं शेत गाठता येतं. शेवटी बांधावर पंचनामा हवाच.

ठिपक्यांचा याहून चांगला उपयोग आहे. दरवर्षी कोणत्या गावांत ते दाट पडतात ते बघा आणि पुढच्या मार्चमध्ये, कापणीच्या आधी, भुसा करणारी यंत्रं तिथे भाड्यानं पोचवा.

कोणता मोहल्ला जास्त तापतो?

लँडसॅटचा उष्णतेचा थर मुळात १०० मीटरचा, सकाळी साडेदहाच्या सुमाराचा, आणि जमिनीच्या पृष्ठभागाचा. हवेचा नव्हे. पत्र्याचं छप्पर आणि डांबर कुठे जास्त तापतं ते कळतं. रात्री खोलीत किती उकडतं ते कळत नाही. दोन गल्ल्यांची अंश-अंशांनी तुलना करू नका.

अतिक्रमणाचा नकाशा करून जाहीर करावा का?

थांबा. या कामात लोकांची घरं जाऊ शकतात.

आधी तांत्रिक भाग. खसऱ्याचे जुने नकाशे कागदावरून स्कॅन झालेले असतात. ते उपग्रहचित्रावर ठेवले की काही मीटर इकडेतिकडे सरकतातच. चित्रातल्या ठळक, न बदललेल्या खुणा, म्हणजे जुनी विहीर, मंदिर, तिठा, धरून ते जुळवावे लागतात. तरीही काठावरच्या एक-दोन पिक्सेलबद्दल 'आत' किंवा 'बाहेर' असं छातीठोक म्हणता येत नाही. सीमांकन महसूल खात्यानंच करायचं असतं.

मग मुख्य भाग. दाट बस्तीची छपरं चित्रात लख्ख उठून दिसतात, म्हणून ती लगेच 'बांधकाम' या रंगात येते. तलावाला लागून असलेल्या फार्महाऊसचं विस्तीर्ण लॉन मात्र हिरवं उमटतं आणि नकाशात 'वनस्पती' म्हणून निसटतं. काठावर भराव कोणी घातला, कुंपण कोणी घातलं, हे रंगावरून कळत नाही. गरिबाचं अतिक्रमण पकडायचं आणि श्रीमंताचं झाकायचं, असा हा नकाशा कोणाचीही वाईट इच्छा नसताना आपोआप तयार होतो. म्हणून हिरव्या पट्ट्यांचीही खसऱ्यावरून तितकीच कसून तपासणी करा, आणि नकाशा जाहीर करण्याआधी बस्तीतल्या लोकांना दाखवा. ते तिथे कधी आले, पाणी कुठवर येत होतं, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

असं चित्र कोर्टात चालतं का?

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं अनेक प्रकरणांत उपग्रहचित्रं विचारात घेतली आहेत. मध्य विभागाचं खंडपीठ भोपाळला बसतं, म्हणजे आपल्याला जवळ. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. पूर्वीचं ६५ ब ते हेच. स्क्रीनशॉटवर भागवू नका. मूळ फाइल, तिचं पूर्ण नाव आणि तुम्ही कोणत्या पायऱ्या केल्या त्याची नोंद ठेवा. पुढचं वकिलाला विचारा.

पाणथळ जागांबाबत दोन गोष्टी हाताशी असू द्या. एक, २०१७ चे पाणथळ जागा संवर्धन व व्यवस्थापन नियम, ज्यांत राज्य प्राधिकरण आणि प्रभावक्षेत्र (पाणथळ जागेवर परिणाम करणारा भोवतालचा परिसर) यांची तरतूद आहे. दुसरी, त्याच वर्षीचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. इस्रोच्या अहमदाबाद केंद्रानं उपग्रहचित्रांवरून राष्ट्रीय पाणथळ अॅटलास केला होता. त्यातल्या २.२५ हेक्टरहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना त्या आदेशानं संरक्षण दिलं. आपला तलाव त्या यादीत आहे का, हे बघणं हे पहिलं काम. सिरपूर आणि यशवंत सागर २०२२ पासून रामसर स्थळं आहेत. जानेवारी २०२५ मध्ये इंदूरला रामसर पाणथळ शहर ही मान्यता मिळाली, उदयपूरबरोबर, भारतात पहिल्यांदाच. बिलावली, लिंबोदी यांच्या वाट्याला एवढी प्रसिद्धी नाही. उपग्रहाला मात्र सगळे तलाव सारखेच. त्यांचीही चित्रं त्याच वारंवारतेनं आणि त्याच दर्जाची मिळतात.

एआयनं केलेले तयार भू-वापर नकाशे मिळतात. तेच का वापरू नयेत?

सुरुवातीला जरूर वापरा. डायनॅमिक वर्ल्ड किंवा युरोपचं वर्ल्डकव्हर, दोन्ही १० मीटरचे. पण त्यांचे गट जगासाठी केलेले आहेत, माळव्यासाठी नाहीत. नांगरून ठेवलेली कोरडी जमीन आणि बांधकाम यांत त्यांची गल्लत होते. तुम्हाला स्वतःला पक्की माहीत असलेली काही ठिकाणं निवडा आणि नकाशा त्यांना काय म्हणतो ते ताडून बघा. तिथेच चुकत असेल तर अनोळखी जागेबद्दल त्याचं ऐकायचं कारण नाही.

नकाशा बैठकीत कसा मांडावा?

खरं सांगायचं तर बहुतेक चांगले नकाशे इथेच वाया जातात.

फाइल पुढे सरकते ती काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर. तुमचा लाल-हिरवा सुंदर नकाशा तिसऱ्या टेबलावर पोचेपर्यंत एकसारखा करडा झालेला असतो. म्हणून गट दाखवायला रंगासोबत रेघा-ठिपक्यांची भरण वापरा आणि छापण्याआधी एकदा झेरॉक्स काढून बघा. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसंही प्रत्येक सभागृहात असतात. निळा-पिवळा सुरक्षित. तज्ज्ञांच्या छद्मरंगी चित्रात झाडी लाल दिसते. ते चित्र समोर ठेवलंत की पहिला प्रश्न येतो, 'एवढी आग कुठे लागली?' सामान्य बैठकीत खऱ्या रंगांचंच चित्र लावा.

अक्षांश-रेखांशांपेक्षा पेट्रोल पंप, मंदिर, शाळा, तिराहा यांची नावं लिहा. एका कागदावर एकच प्रश्न. आणि ज्या जागेबद्दल खात्री नाही ती रिकामी न सोडता 'तपासायचं आहे' अशी वेगळी भरण द्या. अधिकारी त्यानं बिचकतात, पण हरकत घ्यायला लोकांना तिथूनच जागा मिळते.

वेळही सांभाळा. निगमचं बजेट मार्च-एप्रिलच्या सुमारास, नालेसफाई आणि तलावाचं खोलीकरण पावसाआधी. ग्रामसभा २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला. गाळ कुठला काढायचा याचा नकाशा जुलैत आला तर तो पुढच्या वर्षीच्या फायलीत जातो, आणि पुढच्या वर्षी ती फाइल सापडत नाही.

कचेरीत हे कोणी शिकावं?

नेहमी संगणक ऑपरेटरला प्रशिक्षणाला पाठवतात. त्यालाही पाठवा. पण सोबत जागा ओळखणारं माणूस हवं : सफाईवर देखरेख करणारा झोनचा दरोगा, पटवारी, वनरक्षक. चित्रातला काळा डाग म्हणजे विटांच्या भट्टीची राख की पाण्याची डबकी, हे त्यांना बघताक्षणी कळतं. दोघं एका पडद्यासमोर बसले तर काम होतं. वेगवेगळ्या दिवशी बसले तर होत नाही. ऑपरेटरची बदली झाली की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो, तेव्हा खातं कचेरीच्या ईमेलवर काढा.

यात आमची घरं, माणसं दिसतात का?

१० मीटरच्या चित्रात माणूस, गाडी, गच्चीवरचे कपडे, काहीच दिसत नाही. सारस क्रौंचही दिसत नाही, हे पक्षीमित्रांनी आधीच विचारलं आहे.

छापलेल्या नकाशाखाली काय लिहायचं?

उपग्रहाचं नाव, चित्राची तारीख, पिक्सेलचा आकार, कोणता निर्देशांक आणि कोणत्या आकड्यापुढे पाणी किंवा झाडी मानली, जागेवर जाऊन कोणी आणि कधी तपासलं. सेंटिनेलचं चित्र असेल तर कोपर्निकसचा आणि त्या वर्षाचा उल्लेख करणं परवान्याप्रमाणे बंधनकारक आहे. अक्षर इतपत मोठं ठेवा की झेरॉक्समध्येही वाचता येईल, आणि खाली हरकत नोंदवण्यासाठी फोन नंबर द्या.